मी चाललो तेव्हा मेदेर वाटेवर होता

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. जमिनीवर पोट टेकून मागे शेपूट ओढत जाणारा नव्हे. मी उभ्या बांध्याचा, काठीसारखा सडपातळ आणि वजनाला इतका हलका की घरातल्या कुणीही एका हाताने उचलावे. तुम्ही म्हणाल, ही स्वतःची टिमकी वाजवणे झाले. वाजवू द्या. आयुष्यात माझे कौतुक फार दिवस झाले नाही, आणि ज्या हलकेपणाचे झाले त्याच हलकेपणाने पुढे एका घराचे वाटोळे केले.

माझा जन्म कुठल्या गावात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो एक लांबलचक सरकता पट्टा, त्यावर ओळीने उभे असलेले माझे भाऊबंद आणि एका बाईचे हात. तिने माझ्या पोटात मोटर बसवली, ब्रश फिरतो का ते बोटाने पाहिले आणि लगेच पुढच्याला हात घातला. मग खोके, काळोख, ट्रकचे हिसके. डोळे उघडले ते बिश्केकच्या बाजारातल्या एका दुकानात.

गिऱ्हाईक यायचे, माझी मोटर केवढी ते विचारायचे आणि नाक मुरडून पुढे जायचे. मेदेर नावाच्या एका गिऱ्हाइकाने मात्र मोटरबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याने मला नुसते उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले.

दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "हा हलका आहे, पण जाड गालिच्यावर याची मात्रा चालत नाही बरं का. नंतर माझ्या नावानं बोंब मारत येऊ नका."

"माझ्या आईचा खांदा गेलाय," मेदेर म्हणाला. "तिला उचलता आला म्हणजे झालं."

अशा रीतीने मी डोंगर ओलांडून नारीनला आलो. गावाच्या शेवटच्या गल्लीत, नदीच्या अंगाला त्याचे घर. घरात माणसे चार. मेदेर, त्याची आई सोनुन, बायको जिपारा आणि तीन वर्षांची लेक अकिलाय. सोनुनला मुलगा आणि सून अपा म्हणत, नात चोनापा म्हणे. सोनुन शिरदाक करायची. म्हणजे लोकर भिजवून, थापून तिचा जाड नमदा करायचा, त्यातून रंगीत नक्षी कापायची आणि शिवून गालिचा उभा करायचा. चाळीस वर्षे ओल्या लोकरीची वळकटी कोपराने दाबून दाबून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. घरभर लोकरीचे तंतू उडत. चहाच्या वाटीत तंतू, पुलावाच्या कढईत तंतू, अकिलायच्या भुवयांवर तंतू.

माझ्याआधी त्या घरात एक रशियन यंत्र होते, गोल पोटाचे, लोखंडी, मेदेरपेक्षा वयाने मोठे. ते चालू झाले की मागच्या गोठ्यातल्या मेंढ्या बिथरत. ते ओढायला मेदेर लागे, आणि मेदेर घरी नसला की लोकर साचत जाई.

सोनुनने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कात्रीला धार लावत होती. "हे काय आणलंस? झाडू आहे का बंदूक?"

"अपा, उचलून तर बघ."

तिने उचलले. मग तोंड वाकडे केले. "यात वजनच नाही. वजन नाही तर जोर कुठून येणार? तू असाच होतास लहानपणी. वारा सुटला की तुझ्या खिशात दगड भरून ठेवायला लागायचे."

"तुमच्या खांद्याला बरा पडेल की हा," जिपारा हळूच म्हणाली.

"माझ्या खांद्याला बरा. माझ्या नमद्याला काय? त्याला हा नुसत्या गुदगुल्या करणार!"

सगळे हसले. मला राग आला, पण मित्रांनो, तिचे खरे होते. शिरदाकाच्या पोटात मुरलेली रेती मला कधी ओढता आली नाही. त्यासाठी हिवाळ्यात गालिचा बाहेर ताज्या बर्फावर पालथा टाकून काठीने बडवावाच लागे. माझा धुळीचा डबा मोठ्या पेल्याएवढा. दोन खोल्या झाडेपर्यंत तो तीनदा भरे. ब्रशला लोकर अशी गुंडाळली जाई की जिपारा दर आठवड्याला मला आडवा पाडून कात्रीने सोडवत बसे. माझी वायर तोकडी. भिंतीला टेकवून ठेवला नाही तर मी जरा धक्क्याने धाडकन पडत असे, आणि पडलो की सोनुन म्हणे, "पडला गं तुमचा पहिलवान!"

तरी मी त्या घराला हवाहवासा झालो. जिपारा चहाचे पाणी उकळेपर्यंत एक खोली उरकून टाकी. मला काढायला, जोडायला, ठेवायला काही सायास नव्हते. गाद्या-रजयांच्या चळतीमागच्या बोळात मी सहज शिरत असे. आणि एका सकाळी, सून घरात नाही असे पाहून सोनुनने मला गुपचूप डाव्या हातात धरले. चूल ते खिडकी, खिडकी ते चूल. खांद्याला हात न लावता तिने सगळी खोली झाडली. कितीतरी वर्षांनी तिने आपले घर आपल्या हाताने झाडले होते. त्या दिवशी संध्याकाळी मेदेरच्या पानात तिने मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला, आणि का ते सांगितले नाही.

अकिलायला मी फार आवडे. तिच्याहून उंच, तरी तिला ढकलता येणारी घरातली वस्तू मीच एक होतो. बंद असलेल्या मला घेऊन ती अंगणभर फिरे, एक हात कमरेवर ठेवून, अगदी आईसारखी. "किती गं बाई पसारा!" असे म्हणे. मला वाटे, आपले आयुष्य सार्थकी लागले.

आता मला ते सांगितले पाहिजे, जे सांगायला मी टाळाटाळ करतो आहे.

त्या भागात एक रीत आहे. घरातले कुणी लांबच्या वाटेला निघाले की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर झाडायचे नाही. उंबऱ्याशी त्याच्या बुटांची माती पडली असेल तर तीही तशीच ठेवायची. ती झाडली तर गेलेल्या माणसालाच झाडून टाकल्यासारखे होते, असे मानतात. मेदेर दर दोन महिन्यांनी शिरदाक घेऊन बिश्केकला जाई. तो निघाला की मला सुट्टी. दुपारी त्याचा फोन येई, "पोचलो गं अपा," आणि सोनुन लगेच म्हणे, "जिपारा, लाव तुझा पहिलवान."

अकिलाय पाच वर्षांची होती त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मेदेर सकाळी सातला निघाला. गाडीच्या टपावर सहा शिरदाक बांधले होते. बाहेर बर्फ भुरभुरत होता. तो दोनदा घरात परत आला, एकदा दोरीसाठी, एकदा टोपीसाठी, आणि दोन्ही वेळा सोनुनने त्याला बूट न काढल्याबद्दल झापले. मग तो गेला. सोनुन नणंदेकडे गेली. जिपारा अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात कणीक मळत बसली. माझा प्लग आदल्या संध्याकाळपासून भिंतीतच राहिला होता.

साडेआठच्या सुमाराला अकिलाय माझ्यापाशी आली. तिने एक हात कमरेवर ठेवला आणि पायाने माझा खटका दाबला.

मित्रांनो, यंत्राला नको म्हणता येत नाही. मी चाललो. आणि खरे सांगायचे तर मला मजाही वाटली. ती हसत होती. जड यंत्र असते तर तिच्याने जागचे हललेही नसते. मी मात्र तिच्या इवल्याशा हातांनी चुलीपासून दारापर्यंत सुरसुर करत गेलो. उंबऱ्याजवळ पातळ चटई होती. तिच्यावर मेदेरच्या बुटांनी आणलेला बर्फ वितळून वाळला होता आणि खाली राखाडी माती उरली होती. जाड नमद्यावर माझे काही चालत नाही, पण पातळ चटईवर चालते. ती माती मी एका दमात ओढून घेतली.

जिपारा धावत आली. हात कणकेने भरलेले. तिने मला बंद केले. "अगं, काय केलंस हे! बाबा पोचले नाहीत ना अजून!"

अकिलाय घाबरून रजयांच्या चळतीमागे दडली. तेवढ्यात दारात सोनुन उभी. "याचा आवाज मला फाटकापर्यंत आला. कोण गेलंय आज घरातून, विसरलीस?"

जिपाराचा हात अजून माझ्या मुठीवर होता. ती म्हणाली, "चुकले, अपा. लोकर फार झाली होती."

"लोकर! लोकर काय पाय लावून पळून जाते?"

बस, एवढेच. पोरीला बोलणी बसू नयेत म्हणून आई जेवढे खोटे बोलते तेवढेच ते खोटे होते. दुपारी फोन आला असता, सोनुन आणखी दोन वाक्ये पुटपुटली असती आणि सगळे विसरून गेले असते.

फोन आला नाही. दुपारी गल्लीतली दोन माणसे टोप्या हातात घेऊन आली. जिपाराने त्यांच्यापुढे चहा ठेवला, त्यांनी तो घेतला नाही. दोलोनच्या घाटात वळणावर गाडी घसरली होती. मेदेर जागीच गेला होता.

"किती वाजता?" सोनुनने विचारले. तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"साडेआठच्या सुमाराला, अपा."

सोनुनने मान वळवून आधी माझ्याकडे पाहिले. मग जिपाराकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही, आणि ते न बोलणे पुढे तीन वर्षे चालले.

माणसे जमली, मेदेरला नेले, घरभर बायकांचा आक्रोश चालू राहिला. त्या गर्दीत जिपाराने अकिलायला माझ्याजवळच्या कोपऱ्यात ओढले आणि तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. "नीट ऐक. तू काही केलं नाहीस. त्या दिवशी हा आईनं चालवला. कुणी चालवला?"

"आईनं," अकिलाय म्हणाली.

"पुन्हा सांग."

"आईनं."

पोरीने मान हलवली. मला वाटले, लहान आहे, विसरेल.

चाळिसावा दिवस झाल्यावर सोनुनने मला उचलले आणि फेकून द्यायला अंगणात नेले. कचऱ्याच्या पिंपाचे झाकणही उघडले. मग स्वतःशीच म्हणाली, "त्यानं आणलाय हा." तिने मला परत आणले आणि दारातल्या गार दालनात, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, दाराआड ढकलून दिले. ती मला पाहू शकत नव्हती आणि टाकूही शकत नव्हती. तेव्हापासून माझा उद्योग एकच, अंगावर कोट घेऊन उभे राहायचे आणि ऐकायचे.

ऐकायला फारसे काही नव्हते. सोनुन सुनेवर कधी ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने जिपाराचे नाव घेणे सोडले. जिपारा चहा ओती, वाटी तिच्यापुढे ठेवी, ती वाटी तशीच निवून जाई. मग जिपारा नवी वाटी भरून अकिलायच्या हाती देई आणि तेव्हा सोनुन तो चहा पिई. त्यामुळे अकिलाय सारखी दोघींच्या मध्ये वाट्या घेऊन फिरे. आलेल्या बाया दालनात बूट काढता काढता कुजबुजत, "हिनंच झाडलं म्हणे, तो वाटेत असताना." जिपारा हे ऐके आणि त्यांचे बूट सरळ लावून ठेवी.

त्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. अकिलाय झाडूला हात लावेना. भाकरीचा चुरा सांडला तर ती हाताने एकेक कण वेचे. शाळेत वर्ग झाडायची पाळी आली की तिचे पोट दुखे. बाईंनी निरोप पाठवला, पोरगी आळशी आहे. जिपारा तिला रागावली. मला तेव्हाच समजायला हवे होते. पण मी तरी काय, दाराआडचे एक जुने यंत्र. माझ्या पट्ट्याचे रबर कडक होत चालले होते, पोटात कोळी राहायला आला होता.

तिसऱ्या वर्षी मेदेरच्या चुलत्यांनी ठरवले की सून तरुण आहे, तिला आता मोकळी करावी. जिपाराचा भाऊ बिश्केकला शिलाईच्या कारखान्यात होता, तिथे तिलाही काम मिळत होते. पोरगी मात्र बापाच्या घरची, ती आजीजवळ राहील. हे सगळे माझ्यासमोर, कोट घालता घालता बोलले गेले.

ते गेल्यावर जिपारा दालनातच सोनुनच्या पायाशी बसली. "अपा, मी जाते. तुम्ही म्हणाल तिथं जाते. पण अकिलायला माझ्याबरोबर येऊ दे."

तीन वर्षांत सोनुन पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलली. "माझा एक नेलास. आता ही पण?"

जिपाराने तोंड उघडले. मी मनात म्हटले, आता ही बोलेल. आता तरी बोल, बाई. एक वाक्य बोललीस तर घर तुझे, पोरगी तुझी. आतल्या खोलीत अकिलाय मोठ्याने धडा वाचत होती, अडखळत, एक ओळ दोनदा. जिपाराने त्या आवाजाकडे पाहिले आणि तोंड मिटले.

"बरं, अपा," ती म्हणाली.

मित्रांनो, मला आयुष्यात एकदाच वाचा फुटायला हवी होती, ती त्या क्षणी. फुटली नाही. मी माझ्या कोटांखाली उभा राहिलो. त्या हतबलपणाची मला आजही लाज वाटते.

ती ऑक्टोबरातल्या एका सकाळी निघाली. माझ्या डोक्यावरून तिने तिचा कोट काढला. अकिलाय उंबऱ्यात उभी होती, आठ वर्षांची, दोन वेण्या, डोळे कोरडे.

"पोचले की फोन करते," जिपारा म्हणाली. "चोनापाला त्रास देऊ नकोस. वेणी उद्यापासून तुझी तूच घाल."

"घाट कधी लागतो?" अकिलायने विचारले.

"दीड तासानं. का गं?"

"काही नाही."

भाड्याची मोटार हॉर्न वाजवत आली आणि गेली. सोनुन निरोप द्यायला उठली नव्हती. आत नमद्यावर टाके घालत बसली होती. मोटारीचा आवाज थांबल्यावर तिने सुई टोचून ठेवली, उठली, आणि कोपऱ्यातला झाडू घेतला. तिच्या मनात काय होते ते मला सांगता येणार नाही. खोलीत लोकर होती हे खरे. पण रीत तिला माहीत नव्हती असे थोडेच? तिने चुलीजवळ एक हात मारला, दुसरा मारला.

अकिलाय अशी किंचाळली की मागे मेंढ्यांनी गलका केला. तिने धावत येऊन झाडू पकडला आणि त्याच्यासकट खाली बसली. "नको, चोनापा! आईला नको झाडूस! मी बाबाला झाडलं, आता आईला नको!"

"काय बोलतेस?"

"मी चालवला होता तो. दारामागचा. आईनं नव्हता चालवला. मी बाबाची माती झाडली. आई म्हणाली आईनंच चालवला असं सांग. मी सांगितलं, पण मी चालवला होता. आता तू आईला झाडलंस. आता आई घाटात मरणार!"

मित्रांनो, पाचव्या वर्षापासून ते मूल हे सगळे एकटे सांभाळत होते आणि दोन बायकांमध्ये चहाच्या वाट्या फिरवत होते.

सोनुन झाडूच्या दुसऱ्या टोकाला धरून उभी होती. मग तिने झाडू सोडला. फोन घेतला. लावला, लागला नाही. पुन्हा लावला. घाटाच्या आसपास फोन लागत नाही हे नारीनमधले शेंबडे पोरही जाणते, सोनुनही जाणत होती. अकिलाय तिच्या तोंडाकडे बघत होती. "बघ, लागत नाही ना? बाबाचा पण लागला नव्हता."

तेव्हा सोनुन दालनात आली. तिने माझ्यावरचे कोट भराभर खाली टाकले, मला आत नेले, जमिनीवर आडवे पाडले आणि शिरदाकाच्या कात्रीने माझ्या ब्रशची तीन वर्षांपूर्वीची लोकर सोडवली. घाईत कात्री माझ्या प्लास्टिकवर दोनदा घसरली. मग तिने प्लग लावला. मी खोकलो, जळक्या रबराचा वास आला, पण मी चाललो.

"बघ, अकिलाय," ती मोठ्याने म्हणाली. "मी झाडतेय. मी, तुझी चोनापा. सगळ्या गावाला झाडू नका म्हणून ओरडणारी मी. नीट बघ. सगळं घर झाडते, उंबरासुद्धा झाडते. आणि तुझ्या आईला काही होणार नाही."

तिने सगळे घर झाडले. चूल, खिडकी, रजयांमागचा बोळ. उंबऱ्यावर जिपाराच्या बुटांची ओली माती होती, तिथे आल्यावर ती थांबली. पोरीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू ती पुटपुटत होती, "देवा, हिला नीट पोचव. काय करायचं ते मला कर. हिला नीट पोचव." ती या रीतीवर मनापासून विश्वास ठेवणारी बाई होती. जिला तीन वर्षे शत्रू मानले तिचा जीव आपण पणाला लावतो आहोत असेच तिला वाटत होते, आणि तरी पोरीच्या डोळ्यांसाठी तिने मला त्या मातीवरून फिरवले. तिच्याइतके धैर्य मी कुणात पाहिले नाही.

नंतरचा वेळ दोघी फोन मध्ये ठेवून बसल्या. मी मध्येच बंद पडलो होतो, मला उभे करायचेही कुणाला सुचले नाही. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"अपा? तुमचे सात फोन दिसतायत. अकिलायला काय झालं?"

"तिला काही नाही झालं. तू कुठंयस?"

"कोचकोरला. घाट उतरून चहाला थांबलोय सगळे."

"धड आहेस ना? हातपाय?"

"आहे की. का?"

"मी घर झाडलं. तू घाटात होतीस तेव्हा."

सोनुन म्हणाली, "पोरगी बोलली, जिपारा. सगळं बोलली. अगं, एकदा तरी सांगायचंस मला!"

"काय सांगायचं होतं, अपा? तिचं नाव?"

सोनुन म्हणाली, "परत ये. आत्ताच्या आत्ता."

जिपारा संध्याकाळी आली. अकिलाय तिच्या कमरेला जी बिलगली ती सुटेना, तिला तशीच ओढत जिपारा आत आली. सोनुनने स्वतः चहा ओतला. पाहुण्याने खूप वेळ बसावे, पुन्हा पुन्हा मागून घ्यावे म्हणून देतात तशी अर्धीच वाटी, आणि दोन्ही हातांनी पुढे केली. जिपाराने ती घेतली. पोरगी आईच्या मांडीवर डोके ठेवून लगेच झोपली, जणू तीन वर्षे जागीच होती.

मला वाटले, आता या घराचे दुःख सरले. किती वेडा मी!

सोनुन झोपलेल्या पोरीकडे पाहत होती. तिने हळूच विचारले, "मग माझा मेदेर कशानं गेला गं?"

"बर्फानं, अपा."

"नुसत्या बर्फानं?"

"हो. नुसत्या बर्फानं."

सोनुनने मान हलवली. पुन्हा हलवली. मग तिचा चेहरा हळूहळू मोडत गेला. तीन वर्षे तिच्याजवळ धरायला काहीतरी होते. सून होती, मी होतो, ती सकाळ होती. असे झाले म्हणून तसे झाले, असे न झाले असते तर तो असता. आता धरायला काही उरले नाही. ज्याला कुणी झाडले नव्हते, ज्याला कुणी थांबवू शकले नसते, असा तिचा मुलगा एका वळणावर उगाचच गेला होता. मेदेर गेला त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती तशी त्या संध्याकाळी रडली, सुनेच्या खांद्यावर, पोरगी उठू नये म्हणून तोंडात डोक्याच्या रुमालाचे टोक कोंबून. आणि जिपारा तिला थोपटत राहिली.

मित्रांनो, माझी जात तुमच्या घरात आली तर तिला सांभाळा. डबा वेळेवर रिकामा करा, ब्रशची गुंडाळी सोडवा, जाड गालिच्यावर फार जोर लावू नका, आम्हांला तेवढे बळ नाही. पण माझे मागणे खरे ते नाही. घरात काही वाईट झाले आणि दोष कुणाला तरी दिल्यावाचून राहवत नसेल, तर तो मला द्या. मला दाराआड उभे करा, पिंपात टाका, माझे नाव टाका. मी यंत्र आहे, मला कुणाची वाट पाहायची नसते. जिपाराची तीन वर्षे कुणी परत देऊ शकले नाही, आणि अकिलाय अजूनही झाडू हातात घेण्याआधी विचारते, "सगळे घरात आहेत ना?"